खाचरातली भुकटी

जाईबाईला खाणीवरची माणसं डोळ्यांसमोर नको असत. त्यांनी डोंगर पोखरला आणि क्रशरमधून निघणारी दगडाची भुकटी तुर्भ्याच्या उतारावर ढिगांनी ओतली. ब्याऐंशीच्या पावसाळ्यात ढीग घसरला आणि थेट तिच्या भाताच्या खाचरात येऊन बसला. बाकीची जमीन नव्या शहरानं आधीच घेतली होती. उरलं होतं ते एवढंच.

ती खाणीवर गेली, तर मुकादम पोपटनं तिला फाटकातच अडवलं.

"टाकाऊ माल आहे, म्हातारे. पावसानं खाली आणला, आमी काय करणार?"

पाऊस सरल्यावर एका सकाळी खाचरात एक बाई घमेल्यात भुकटी भरताना दिसली. ती गोजरा. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून आलेली, खाणीवर खडी फोडणारी.

"ए, कोनाला इचारून शिरलीस?" जाईबाई ओरडली.

"टाकलेली भुकटी हाय. घराला ठोकळे पाडते."

"आदी माजा शेत पुरलाव, आता त्याच्यावर घर बांदतेस?"

"म्या पुरलं व्हय? माझा नवरा हीच भुकटी छातीत घेऊन मेला," गोजरा म्हणाली आणि घमेलं उचलून चालती झाली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. वाशीच्या बांधकामांवर तिनं ठोकळे पाडताना पाहिलं होतं. गोदामाच्या दारात सांडलेलं सिमेंट ती झाडून आणी, भुकटीत कालवी, लाकडी साच्यात ठोकून बसवी आणि ठोकळे बांधावर मांडून त्यांवर पाणी मारी. जाईबाईचं डोकं सणकलं. तिनं ओले ठोकळे पायांनी तुडवले.

गोजरानं चिखल गोळा करून पुन्हा साच्यात भरला. "माती तर गेलीच तुझी. आता अक्कल बी गेली."

जाईबाई शिव्या देणारच होती, पण तिची नजर गोजरानं उकरलेल्या खड्ड्यात गेली. तळाशी काळी जमीन होती, तिच्यात जुन्या भाताची कुजलेली धसकटं. तिनं वाकून ती माती मुठीत घेतली. दुसऱ्या दिवसापासून मात्र कोयता घेऊन बांधावर बसू लागली.

"कडेचा नको. मदला काड."

"तुझी चाकर हाय का म्या?" असं म्हणत गोजरा मधलंच काढी, तिथं थर जाड होता.

ठोकळे पक्के निघाले. कोपरीच्या एका मिस्त्रीनं त्यांच्या भावाची चौकशी केली, आणि बातमी पोपटच्या कानावर गेली. तो ट्रकमध्ये माणसं घालूनच आला.

"भुकटी खाणीची आहे. ठोकळे भरा रे!"

जाईबाई कोयता घेऊन आडवी झाली. "माजे शेतान आली तवा टाकाऊ, नि आता तुजी? पाय ठेव, मंग दाखवते!"

आरडाओरडा ऐकून गावातली माणसं धावत आली. पोपटनं कोयत्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि ट्रक मागे घ्यायला लावला.

"मावशे..." गोजरा पुढं आली.

"मावशी बोलू नको. तुजेसाठी नाय केला. माजा शेत मोकला कर नि तोंड काला कर."

गोजराचा चेहरा उतरला, मग कडक झाला. "म्याबी तुझ्यासाठी खांदत न्हाई. मला घर पायजे."

उन्हाळा संपेपर्यंत खाचर मोकळं झालं. डोंगराच्या पायथ्याशी गोजराच्या राखाडी भिंती उभ्या राहिल्या. जाईबाईनं पालापाचोळा जाळून रोपांसाठी राब भाजला, भाताचं बी फेकलं, आणि त्याच दिवशी गोजराच्या घराकडच्या बांधावर बाभळीचे काटे रचून वाट बंद केली.