हुबेहूब खिमा

बोटं जरा लांब ठेवून ऐका. मी खिम्याचं यंत्र बोलतोय. ओतीव लोखंडाचा देह, वर रुंद तोंड, बाजूला दांडा, पुढे जाळी. दुकानातून निघालो तो एका आचाऱ्याच्या घरी आलो आणि स्वयंपाकघरातल्या मेजाच्या कडेला पेचाने आवळला गेलो.

आचारी वसतिगृहाची खानावळ सांभाळतो, तरी घरीही हौसेने रांधतो. सुटीच्या दिवशी मी खिमा काढायचा, त्याने परतायचा आणि त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, पातेलं पुसून खायचं, असा आमचा संसार.

बाई जनावरांच्या दवाखान्यात काम करतात. तिथे एक मरतुकडं कोकरू आलं. बाईंनी बाटलीने दूध पाजून त्याला उभं केलं. कोकरू बरं होऊन गेलं आणि बाईंच्या घशाखाली मटण उतरेनासं झालं. त्यांनी कुणाला उपदेश केला नाही. नुसतं "मला नको" म्हणाल्या.

आचाऱ्याला वाटलं, बिचारी मन मारतेय. बिनमटणाचा खिमा जमवायच्या तो हात धुऊन मागे लागला. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून माझ्या तोंडात घातल्या. मग अळंबी घातली. मग कणीक पाण्यात धुऊन उरलेला चिवट गोळा. त्याने माझी जाळी अशी तुंबली की सुईने टोकरावी लागली. रंगाला बीट. दर सुटीला खिमा जास्त खरा व्हायचा आणि बाई ताटावरून जास्त लवकर उठायच्या. दवाखान्यातच खाल्लंय, म्हणायच्या. आचारी समजायचा, अजून जमलं नाही. की पुन्हा दांडा फिरायला लागायचा.

एकदाचं जमलं. त्या दिवशी बाईंचा धाकटा भाऊ जेवायला होता. त्याने दोनदा वाढून घेतलं आणि मिटक्या मारत विचारलं, "दाजी, मटण कुठून आणता हो?"

आचाऱ्याची छाती फुगली. बाईंचा घास मात्र हातातच राहिला.

"खरं सांगा, काय आहे यात?"

त्याने सोयाबीनचं रिकामं पाकीट आणून दाखवलं, बाईंच्या गळ्याची शपथ घेतली. भाऊ चेष्टा करायला निघाला होता, त्याने ताईचा चेहरा बघून तिच्यापुढे पाणी सरकवलं.

"विश्वास आहे हो तुमच्यावर," बाई म्हणाल्या. "पण घास तोंडात गेला की कोकरूच दिसतं. मी जे सोडलं, तेच तुम्ही परत परत ताटात आणून ठेवता."

"मग बोलली का नाहीस?"

"किती हौसेने करत होतात."

आचाऱ्याने खिम्याचं पातेलं बाजूला सारलं. गावाला जेवू घालणारा माणूस, आणि बायको त्याच्याच घरात अर्धपोटी उठत होती. त्याने विचारलं, काय खाशील.

पुढच्या प्रयोगासाठी हरभरे भिजत पडले होते. बाईंनी ते पुढे ओढले. हे तेवढे यंत्रात घालू नका, म्हणाल्या. अख्खेच शिजवले, वर लसूण चुरचुरीत परतून घातला. शेजारी वांगं भाजलं. आचाऱ्याने चमचाभर चाखून पाहिलं.

"हे हरभऱ्यासारखंच लागतंय."

"हरभरेच आहेत ते."

भावाने ताट पुढे केलं. बाईंनी त्याला वाढलं, मग स्वतःला, मग पुन्हा स्वतःला. आचारी आपलं जेवायचं विसरून बाईंकडे बघत राहिला.

त्याने मला मेजावरून सोडवलं, धुतलं, तेलाचा हात फिरवला आणि फळीवर ठेवलं. रुसलो वगैरे नाही मी. इथून दोघांची ताटं नीट दिसतात. फक्त मला भंगारात घालू नका. कधी भिजवलेली डाळ भरडायची असेल तर मी आहेच की. डाळीची डाळच राहील, एवढं माझ्याकडे लागलं.