मृत्युलेख मनातल्या मनात वाचावा

प्रवेश

शवपेटीमागून चर्चमध्ये शिरताना रेनिटाचं लक्ष शवपेटीकडे नव्हतं. ऑर्गनवर क्लिओफस काका आहेत की नाहीत, एवढंच ती बघत होती. होते. पाठ वाकलेली, टाय वाकडा, पण होते. तिचा जीव भांड्यात पडला.

दारातल्या पांढऱ्या गणवेशातल्या बायांनी सगळ्यांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे आणि कार्यक्रमपत्रिका दिल्या. पत्रिकेवर तिच्या आईचा, ओझेला मेब्रीचा, ईस्टरच्या टोपीतला फोटो. रेनिटानं वेगळाच दिला होता. त्यात मम्मा चंदेरी पोशाखात होती, माइक दोन्ही हातांत गच्च, डोळे मिटलेले. तो फोटो पाकिटासकट परत आला. "खांदे उघडे आहेत गं," ऑफिसातली सिस्टर हळूच म्हणाली होती.

प्रार्थना

चर्चच्या वडीलधाऱ्या सेवकाची, डीकनची, प्रार्थना लांबली. लोक मधूनमधून "हो प्रभू" म्हणत होते. रेनिटाही डोळे मिटून बसली होती, पण तिचं मागणं तिचं तिचं होतं. वाजू दे. एकदाच, या छपराखाली, सगळ्यांच्या कानांवर पडू दे. आणि ते कुणाचं आहे हे मला सांगता येऊ दे. बाकी काही नको.

ते म्हणजे 'ताट झाकून ठेवलंय'. मम्मा एकोणीस वर्षांची असताना, पाइन ब्लफच्या लाँड्रीत शर्टांच्या कॉलरी दाबता दाबता, वाफेच्या फुसफुशीच्या ठेक्यावर तिला सुचलेलं गाणं. एक बाई रात्रीचं जेवण चुलीवर झाकून ठेवते, न येणाऱ्या माणसासाठी.

*ये ना राजा, ताट झाकून ठेवलंय,*
*वरची वाफ गेली, खालचा जीव गरम आहे.*

मेम्फिसच्या एका लहान कंपनीनं सदुसष्ट साली त्याची तबकडी काढली. उन्हाळाभर रेडिओवर वाजली. मग कंपनी बुडाली, मूळ टेप कुठं गेली कुणाला ठाऊक नाही. मम्मा बारा वर्षं रस्त्याकडेच्या हॉलांतून गात हिंडली आणि शेवटी याच गावात, त्याच लाँड्रीत परत आली.

तबकडी वाजू लागली तेव्हाच चर्चनं सभासदांतून तिचं नाव कापलं होतं. ती पुरुषांसाठी गाते म्हणून नव्हे, तशा चारदोन होत्याच. आरोप वेगळा होता. हे तर भजन आहे, म्हणाले. पोरीनं आजीच्या तोंडचं भजन उचललं, प्रभूचं नाव खोडलं आणि तिथं एक गडी बसवला.

मम्मा मरेपर्यंत म्हणत राहिली, "मी बनवलंय ते. कॉलरी दाबताना. आजीला असलं काही येत नव्हतं."

ऐकायला फक्त रेनिटा होती.

गेल्या आठवड्यात, पाद्रींच्या खोलीत (हे पत्रिकेत नाही)

"रेव्हरंड, एकच गाणं."

"सिस्टर रेनिटा, अहो, माझी कसली हरकत? मी तर गाडीत ऐकतो असली गाणी." रेव्हरंड हफ यांनी आवाज खाली आणला. वयानं लहान, मनानं चांगला माणूस. "पण मदर बॅस्कमना ते..."

"मी बहिरी नाही, पोरा," कोपऱ्यातून आवाज आला. मदर बॅस्कम, चर्चच्या सगळ्यांत थोरल्या, खुर्चीत पांढऱ्या टोपीसकट बसल्या होत्या. नव्वदी उलटलेली, पाठ अजून ताठ. "नवरा घरी येईना म्हणून गळा काढणारं गाणं? देवाच्या घरात? शवपेटीसमोर?"

"नवरा नाहीये तो," रेनिटा म्हणाली. "गाण्यातला नुसता माणूस आहे."

"ते तर आणखीच वाईट."

रेव्हरंडना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात घातलं.

रेनिटा तिथून उठली ती थेट क्लिओफस काकांकडे गेली. मम्माच्या मागं हॉलांतून पियानो वाजवणारा हा एकच जण उरला होता. तोही आता दर रविवारी चर्चचा ऑर्गन वाजवायचा.

"मृत्युलेख मनात वाचतात ना, तेव्हा तुम्ही मंद काहीतरी वाजवता. तेव्हा वाजवा."

"शब्दांशिवाय? अगं, म्हणजे तळलेल्या माशाचा नुसता वास."

"वास तर वास, काका."

"संथ घ्यावं लागेल. जरा वेगात गेलं तर मदर बॅस्कमच्या कानाआधी तिचा पाय ओळखेल." ते आपल्या सुजलेल्या बोटांकडे बघत राहिले. "आणि पुढं?"

"पुढं मी उभी राहीन आणि सांगीन."

"सांगशील?"

"एकच वाक्य आहे, काका."

मनोगते (दोन मिनिटे, कृपया)

घरच्यांनी बोलायचं नसतं. घरच्यांनी रडायचं असतं. म्हणून रेनिटा पहिल्या बाकावर गप्प बसून ऐकत होती.

एक शेजारीण मम्माच्या हातच्या गोडाबद्दल, पीच कॉब्लरबद्दल बोलली. लाँड्रीची जुनी मुकादमीण म्हणाली की ओझेलासारखी कॉलर अख्ख्या अर्कान्सा राज्यात कुणी दाबली नाही. दारातल्या बायांच्या प्रमुखानं सांगितलं की आमचे हे पांढरे गणवेश ओझेलाच इस्त्री करायची, बघा, अजून घडी मोडलेली नाही. लोक हसले, डोळे पुसले.

मग मागून कुणीतरी अनोळखी म्हातारा काठी टेकत उठला. हेलेना गावाहून आलो, म्हणाला. "मी या बाईला अडुसष्ट साली बघितलं. लाकडी हॉल होता, बाहेर पाऊस, आणि हिनं ते ताटाचं—"

रेव्हरंड हफ यांनी ऑर्गनकडे बघून मान हलवली. वेळ झाली की ऑर्गननं बोलणाऱ्याला झाकायचं, ही इथली रीत. क्लिओफस काकांनी रेनिटाकडे बघितलं. मग त्यांचे हात खाली आले. दुसरा इलाज नव्हता.

"असो," म्हातारा सुरांतून म्हणाला. "बाई मोठी होती." आणि बसला.

एकल गायन

गायनमंडळातल्या एका तरुण मुलीनं भजन म्हटलं. गळा गोड होता.

मम्मा परत आली तेव्हा चर्चनं तिला सगळ्यांपुढं उभं केलं होतं. तिनं क्षमा मागितली, त्यांनी मिठ्या मारल्या, आतल्या आत सगळं ठरलं: शेवटचा बाक, आणि गायनमंडळ नाही. त्यानंतर मम्मा चर्चमध्ये फक्त ओठ हलवायची. लहानपणी रेनिटा खात्री करायला तिच्या तोंडाशी कान नेऊन बघायची. श्वास यायचा. आवाज नाही.

घरीही नाही. एकच तबकडी होती, ती माळ्यावरच्या उन्हाळ्यात वाटीसारखी वाकली. गाणं आता रेनिटाच्या डोक्यात, क्लिओफस काकांच्या बोटांत, आणि तिला वाटत होतं, आणखी कुठंच नाही.

मृत्युलेख (मनातल्या मनात वाचावा. मंद संगीत)

*सिस्टर ओझेला मेब्री यांचा जन्म पाइन ब्लफ येथे झाला. लहान वयातच त्यांनी प्रभूचा स्वीकार केला. काही वर्षे त्या प्रवासात होत्या. परत आल्यावर त्यांनी चर्चची निष्ठेने सेवा केली. त्यांच्यामागे एक मुलगी, रेनिटा, आणि*

प्रवासात होत्या. रेनिटा तिथंच अडली, पुढं गेलीच नाही.

पाचशे माणसं माना खाली घालून वाचत होती आणि ऑर्गनमधून मम्मा यायला लागली.

फार हळू. एकेक सूर, ओली चादर दोघांनी धरून पिळावी तसा. 'ये ना'ची ती चढण, मग 'राजा'वरची घसरण, जिथं मम्माचा आवाज तबकडीवर थोडा फाटायचा, तीही काकांनी सोडली नाही.

डावीकडून कुणीतरी गुणगुणलं. मग मागून. तोंड न उघडता घशातून काढलेला तो जुना हुंकार, आजोबापणजोबांच्या काळापासून या बाकांना मुरलेला. काही क्षणांत सगळं चर्च सुरात कण्हू लागलं. पंखे थांबले. एक हात वर गेला, मग दहा.

रेनिटानं मान वर केली. गाताहेत. मम्माचं गाताहेत.

आणि तेवढ्यात मदर बॅस्कम उठल्या. डोळे मिटून, काठी न घेता. त्यांनी ओळ हाकारली, जुन्या रीतीनं, पुढच्यानं म्हणायची आणि मागच्यांनी झेलायची तशी:

*"ये ना प्रभू, ताट झाकून ठेवलंय..."*

पाचशे गळ्यांनी झेलली.

*"ये ना प्रभूऽऽ..."*

रेनिटा ताडकन उभी राहिली. "ते मम्माचं गाणं आहे!"

"हो! मम्माचं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"नाही, ऐका, तिनं बनवलंय! ते तिचं आहे!"

"तिचंच आहे! हालेलुया!"

"भजन नाहीये ते!"

"बोल, पोरी! सगळं बोलून टाक!"

अंगात आलेल्यांना सावरणाऱ्या चर्चच्या दोन नर्स धावत आल्या. पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी त्यांनी तिचा चष्मा अलगद काढला, फुटू नये म्हणून. तिघीचौघींनी मिळून तिला कमरेत धरलं, पडू नये म्हणून. कुणी पंखा घालू लागलं. ती जितकी झटकत होती तितकी त्यांची पकड मायेची होत होती. आईची मुलगी, अंगात आलंय, येऊ द्या.

"सोडा मला! तिनं बनवलंय! लाँड्रीत!"

"लाँड्रीत सुद्धा, प्रभू! लाँड्रीत सुद्धा भेटतोस तू!"

टाळ्या सुरू झाल्या. ऑर्गन आता त्यांच्यामागं धावत होता. चष्म्याविना रेनिटाला पुढं फक्त पांढरं पांढरं हलताना दिसत होतं, आणि त्या पांढऱ्याच्या मध्ये एक लांब, बंद, तपकिरी डाग.

प्रवचन

रेव्हरंड हफ यांनी लिहून आणलेले कागद बाजूला ठेवले. ते झाकलेल्या ताटावर बोलले. स्वर्गात ओझेलासाठी ताट झाकून ठेवलंय, म्हणाले. एवढं चांगलं ते पूर्वी कधीच बोलले नव्हते.

जेवण, खालच्या हॉलमध्ये

तळलेलं चिकन, मॅकरोनी, शेंगा, पाउंड केक. माती टाकून आलेले हात धुऊन लोक रांगेत उभे होते आणि त्या रांगेत दोन ठिकाणी गाणं चालू होतं.

क्लिओफस काका तिच्या शेजारी येऊन बसले.

"मी मध्येच थांबवायला हवं होतं," रेनिटा म्हणाली. "तुम्ही थांबायला हवं होतं."

"पाचशे लोक गात असताना? हात तुटले असते तरी पाय वाजवत राहिले असते." मग हळूच, "छान गायले गं पण. तिच्यापुढं कधी एवढी माणसं गायली नव्हती."

ती उठून मदर बॅस्कमच्या खुर्चीपाशी गेली आणि खाली वाकली.

"मदर, तुम्हाला शब्द कसे पाठ?"

"अगं, त्या उन्हाळ्यात कुणाला पाठ नव्हते? आपला रेडिओ बंद केला की शेजारचा लागायचा." म्हातारीनं तिचा गाल कुरवाळला. हात वाळक्या पानासारखा होता. "चाळीस वर्षं म्हणतेय मी ते. पीठ मळताना, नवरा गेला तेव्हा, मुलगा गेला तेव्हा. प्रभूचं नाव घालून. मनातल्या मनात."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे. ते मम्माचं आहे हे."

"गायली ती. फार गोड गायली, देवाशपथ." मदर बॅस्कमच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "पण असलं गाणं माणसाला बनवता येत नाही, पोरी. मी तुझ्या पणजीला, ओझेलाच्या आजीला, तेव्हाच म्हटलं होतं. आज आलं की नाही आपल्या घरी परत?"

रेव्हरंड हफ हातात केक घेऊन आले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे भजन घ्यायचं ठरलंय, म्हणाले. मुलांनाही शिकवायचं. "शोधलं मी, पण पुस्तकात कुठं सापडत नाही. रचणाऱ्याचं नाव काय घालावं, सिस्टर?"

"ओझेला मेब्री," रेनिटा म्हणाली. सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.

"वा." त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. ते गहिवरले होते. "तिच्या स्मरणार्थ. नक्की घालू. वर 'पारंपरिक', आणि खाली 'सिस्टर ओझेला मेब्री यांच्या स्मरणार्थ'."

निरोप

गाडीत बसल्यावर स्वयंपाकघरातली एक बाई पळत आली आणि खिडकीतून तिच्या मांडीवर एक ताट ठेवून गेली. चांदीच्या कागदानं घट्ट झाकलेलं. "घरी जाऊन खा हं, बाळा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

ताट गरम होतं. मांडीला चटका बसत होता, तरी तिनं ते हलवलं नाही.

तिनं काचा वर केल्या. आजूबाजूला कुणी नाही याची खात्री केली. आता निदान इथं, तिनं ठरवलं, एकदा नीट, जसं होतं तसं. लाँड्रीतल्या वाफेच्या ठेक्यावर. तिनं मम्माचा आवाज आठवला, ती चढण आठवली, घसरणीवरचं ते फाटणं आठवलं, आणि तोंड उघडलं.

*ये ना प्रभू*

थांबली. घसा खाकरला. पुन्हा पहिल्यापासून.

*ये ना*

आणि पुढं तिथं कोण होता, ते काही केल्या तिच्या तोंडी येईना.