हौसाबाईचा घोडा

“मी न्हाई बसायची खुर्चीवर,” हौसाबाई म्हणाली. “माझी पोरं कोन बगंल?”

“मी बघते,” मी म्हणाले. “आठ वेळा पाहिलंय मी हे नाटक. आज शेवटचा प्रयोग. पुढच्या महिन्यापासून मंडळ नवीन नाटक घेणार, मग बसा हळहळत.”

कडेवरचा माझा मधू माझ्याकडे द्यायला तिने जरा वेळच लावला. मग हळूच म्हणाली, “त्या पोरीचं मरान बगायचंय वैनी, येकदा. सहा वर्सं नुसतं आयकून रडतीया.”

एवढीच तिची इच्छा. तिच्या हातात पहिल्या रांगेचं तिकीट कोंबलं आणि तिला आत ढकललं.

कोपरीतली आमच्या मंडळाची रंगशाळा म्हणजे मूळचं मिठाचं गोदाम. लढाईच्या दिवसांत तिथे रेशनचं धान्य होतं, आणि अठ्ठेचाळीस साली ते मंडळाच्या हाती आलं. बुधवारी देवीची लस, गुरुवारी भजन, वैशाखात लग्नं, आणि महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चारला खास बायकांसाठी नाटक. भिंती अजून मीठ सोडायच्या. टेकून बसलं की पाठीवर पांढरा पट्टा उमटे, त्यामुळे सून कुठे गेली होती हे कोपरीतल्या सासूला विचारावं लागत नसे.

मंडळाचे चिटणीस त्र्यंबकराव कचेरीत हेडक्लार्क होते, आणि हे ऐतिहासिक नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं. पहिल्याच प्रयोगाला ऐन रंगात एक तान्हं रडलं, तर त्यांनी दारावर पाटी लावली, ‘तान्ह्या मुलांस प्रवेश नाही.’ तान्ह्यांना नाही म्हणजे आयांनाही नाही, हे त्यांच्या लक्षात यायला दुसरा प्रयोग रिकाम्या खुर्च्यांपुढे करावा लागला. तेव्हा झाडलोट करणाऱ्या हौसाबाईला बाजूच्या पडवीत पोरं सांभाळायला बसवलं आणि मध्ये बांबूचे तट्टे बांधले. हौसाबाई साताऱ्याकडची, मिठागरावर कामाला आलेल्या नवऱ्यामागून आलेली. नवरा गेला, मूल झालं नाही. नाटकाच्या रविवारी मात्र तिला दहा-अकरा मुलं असत.

त्या दिवशी मधू धरून अकरा होती. पहिला अंकभर सगळी शहाण्यासारखी झोपली, आणि मला वाटलं, यात काय एवढं मोठं आहे!

दुसऱ्या अंकात नाटकाची नायिका उत्तरा खिडकीशी उभी असते. दूरवर घोड्याच्या टापा येतात. आधी अगदी हळू, मग जवळ, मग धडाधड. मग दुष्ट सरदार येतो आणि पिस्तुलाचा बार काढतो. बार म्हणजे पडदा ओढणाऱ्या पंढरीने विंगेत उडवलेला फटाका. त्या टापांवर त्र्यंबकराव फार खूश. चारचौघांत पंढरीच्या पाठीवर थाप मारायचे, “घोडा हुबेहूब हो!” पंढरी मान खाली घालून हसायचा.

“ऐका!” तट्ट्यापलीकडे उत्तरा झालेली सुहासिनी म्हणाली. “टापा ऐकू येताहेत!”

टापा काही आल्या नाहीत.

“ऐका ना,” सुहासिनीने पुन्हा म्हटलं. “टापा!”

तेवढ्यात आतून कुणीतरी ओरडलं, “अगं बया, डबा!” आणि धावती पावलं बाजूच्या दाराकडे आली. पण त्याआधीच बार झाला. अकराच्या अकरा पोरं एकदम दचकून उठली, आणि त्यांनी जो टाहो फोडला तो ठाणे स्टेशनात ऐकू गेला असेल. आत दहा आया ताडकन उभ्या राहिल्या. हौसाबाई पडवीत शिरली, कोपऱ्यातला रिकामा डालड्याचा डबा मांडीत घेतला आणि बोटांनी वाजवू लागली. टप टप, टप टप. पोरं हुंदके देत तिच्याकडे वळली.

बार होऊन गेला होता, सरदार स्टेजवर उभा होता, आणि आता त्याचा घोडा येत होता! सगळं सभागृह खो खो हसलं. सरदार झालेला गुरुदत्तही हसला. पंढरीने पडदा टाकला.

त्र्यंबकराव पंढरीला दंडाला धरूनच पडवीत आले. “टापा कुठे होत्या? बोल!”

“मी नाय वाजवीत सायेब,” पंढरी रडवेला झाला. “कधीच नाय वाजवल्या. तुमी शाबासकी द्यायचे, मंग कसा सांगू?”

“मग कोण वाजवतं?”

हौसाबाईच्या बोटांखाली डबा अजून टपटपत होता. त्र्यंबकरावांनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“बार झाला की पोरं दचकत्यात,” ती घाबरत म्हणाली. “म्हनून आदीपासनंच हळूहळू वाजिवते. कानाला सवं झाली की मंग न्हाई दचकत. चुकलं का सायेब?”

चूक खरं तर माझी होती. मी तसं म्हणाले, पण माझ्याकडे लक्ष कुणाचं होतं! त्र्यंबकरावांसारख्या खडूस माणसाने पंढरीचा दंड सोडला. नाटकातली सर्वांत नावाजलेली गोष्ट ज्या बाईची, तिनेच नाटक पाहिलेलं नव्हतं.

“हौसाबाई,” ते म्हणाले, “तिसरा अंक तुम्ही पाहायचा आहे.”

“पोरं टाकून न्हाई जायची मी.”

“जाऊ नका. इथेच बसा.” त्यांनी पंढरीकडून चाकू मागून घेतला आणि तट्ट्यांच्या काथ्याच्या दोऱ्या स्वतःच्या हाताने कापल्या. तट्टे खाली आले. समोर स्टेज होतं, आणि त्या बाईने दोन्ही हातांनी डोळे पुसून घेतले, काही चुकायला नको म्हणून.

तिसऱ्या अंकात उत्तरा आईच्या मांडीवर मरते. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही नवव्यांदा रडले, त्यात लाज कसली! हौसाबाईकडे पाहिलं, तर ती मधूला घेऊन पुढे झुकली होती. डोळे कोरडे, आणि चेहरा नुसता फुललेला.

“वैनी,” तिने माझा दंड धरला, “प्वाट हलतंय तिचं. सास घेतीया पोरगी!”

“हळू बोला, हौसाबाई.”

“जिती हाय वो ती!”

पहिल्या तीन रांगांना ऐकू गेलं. मेलेल्या सुहासिनीचा ओठ थरथरला. पंढरीने घाईघाईने पडदा ओढला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

आया पडवीत आल्या, नाकं लाल, डोळे सुजलेले. हौसाबाई एकेक पोर उचलून ज्याच्या त्याच्या आईच्या हातात देत होती, आणि प्रत्येकीला सांगत होती, “रडू नगा. जिती हाय ती. मी बगितलंय.”