राहिलेलं नाव

“मोताळ्याची सोजरा,” आई म्हणाली.

आत्याने पाण्याचा घोट घेतला, वाट पाहिली, आणि पुन्हा उचकी आली.

“नाही वं वैनी. मांगच्या बजारी तं भेटली. तिले काऊन माही याद येईल?”

मी घड्याळात पाहत होतो. दर अकरा सेकंदांना एक. बी.एस्सी. होऊन मी त्याच आठवड्यात नागपूरहून रोहिणखेडला परतलो होतो. ते अडतीस साल. तेव्हा मला सगळंच मोजावंसं वाटे.

“आत्या, छातीच्या खाली एक पडदा असते. तो आकसला का उचकी येते. कोणी याद करण्याचा काही संबंध नाही.”

“अन् तो कायले आकसते, बापू?” मेथी निवडता निवडता ती म्हणाली. “उगाच?”



आत्याच्या लेखी आठवणं हे दूरच्या माणसाचं काम होतं. त्याने तिकडे आठवण काढायची आणि हिसका इथे बसायचा. कोण ते नेमकं ओळखून नाव घेतलं की उचकी थांबते. आता माझ्या घरी कुणाला उचकी लागली तर मुलं पेला आणून देतात, नावं घेत नाहीत. तेव्हा मात्र आधी गावातली, मग मोताळ्याची, मग पार बीबी गावापर्यंतची माणसं आमच्या स्वयंपाकघरात येऊन जात.

एक नाव त्यांत नसे. आत्याचे यजमान मलकापूरच्या एका कापसाच्या जिनात फिटर होते. अठरा वर्षांपूर्वी ते कामासाठी कराचीला गेले. दोन वर्षं कार्डं आली, मग बंद झाली. तिकडे त्यांनी दुसरं घर मांडलं, असं कुणी येऊन सांगितलं, त्या दिवशी बाबांनी बजावलं, की त्या माणसाचं नाव या घरात निघणार नाही. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नसतंच. तेव्हा आत्याला ते घेता येत नव्हतं, आणि आम्हाला मनाई होती.

सगळी नावं संपली की ती विचारायची, “अजून कोणी राह्यलं का?” सगळ्यांकडे एकदा पाहायची, आणि मग “राहू द्या” म्हणून पाणी प्यायची. लहानपणापासून मी ते ऐकत होतो. ती काय मागत होती, ते त्या दिवशी कळलं.

दुपारी बाबा जेवायला बसले तरी उचकी चालूच होती. आत्या वाढत होती. हिसक्याने पळीतलं वरण पाटावर सांडलं.

“इंद्रभान झाला, बीबीची कौशल्या झाली,” आई हळूच म्हणाली.

“अजून कोणी राह्यलं का?”

आईने मान खाली घातली. मी तोंड उघडलं, पण बाबांकडे पाहून गप्प राहिलो. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. तोंडाशी नेला, आणि परत ताटात ठेवला.

“उत्तमराव,” ते म्हणाले.

आत्या पळी धरून तशीच उभी राहिली. सवयीने मी घड्याळ पाहिलं. अकरा सेकंद. बावीस. एक मिनिट.

माणूस दचकला, श्वास रोखला गेला, की उचकी मोडते. हे मी वाचलेलं होतं. मी बोललो नाही.

“वरण वाढू, दादा?” आत्याने विचारलं. आवाज अगदी मोकळा होता.

“वाढ.”

ताटात वरण होतंच. तरी ती वाढत राहिली, आणि बाबांनी हात आडवा केला नाही.