वेसलीच्या नावाला उत्तर

आई गेल्यापासून व्हर्नाला एकाच गोष्टीचा घोर लागला होता. एक जुलैला वेसलीच्या नावाला ‘आमचा’ कोण म्हणणार?

कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या स्प्लिट कोव्हची ही रीत पहिल्या महायुद्धापासूनची. त्या सकाळी गाव युद्धस्मारकापाशी जमतं, हेडलीकाका युद्धात पडलेल्या गावच्या पोरांची नावं वाचतात आणि प्रत्येक नावाला त्या घरातलं कुणीतरी ‘आमचा’ म्हणतं. ज्या घरात आता कुणीच उरलं नाही, त्या नावानंतर काका श्वासभर थांबतात आणि पुढे सरकतात. यादीत वेसली शेवटचा, अफगाणिस्तानात मारला गेलेला. त्याच्या नावाला आई उत्तर द्यायची ते असं खणखणीत, की काका म्हणायचे, “एफी, पोराला पोचलं गं, पण खाडीतले खेकडे बिथरले.”

गावाच्या दृष्टीने आता प्रश्नच नव्हता. सख्खी बहीण आहे की. पण व्हर्नाच्या मनात ट्रिना होती.

वेसली सुट्टीवर आला की त्याचं आणि ट्रिनाचं लग्न व्हायचं होतं. सुट्टीआधी त्याची शवपेटी आली. त्या दिवशी भरल्या घरात आई ट्रिनाला म्हणाली, “तुला घर हवं होतं म्हणून सैन्यात गेला तो.” हे खोटं होतं. वेसलीला शाळेत असल्यापासून सैन्यात जायचं होतं, आणि हे व्हर्नाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती चहाची किटली भरत उभी होती. ती भरतच राहिली.

त्यानंतरही ट्रिना दर एक जुलैला यायची. कोटावर स्मरणाची निळी फुलं टाचून अगदी मागे, चर्चच्या कुंपणाशी उभी राहायची. पुढे तिने गारफील्डशी लग्न केलं, दोघांनी दुकान काढलं. तरीही यायची.

जूनच्या शेवटी व्हर्ना त्या दुकानात गेली. घरून निघताना वाक्य नीट जुळवून घेतलं होतं: वेसलीला यंदा तू उत्तर दे.

“यीस्ट?” ट्रिना म्हणाली. “अगं, परवाच तर नेलंस. बेकरी काढतेयस का काय?”

“पाव नीट फुगेना.”

“मग यीस्टला कशाला दोष देतेस? हात बघ आधी स्वतःचे.”

व्हर्ना हसली. गारफील्ड पलीकडे बटाट्यांची पोती रचत होता. नवऱ्यासमोर बाईला असं कसं सांगायचं?

“एक तारखेला येशील ना?”

“न यायला काय झालं?”

“ये. जरा पुढे उभी राहा.”

“मागून दिसतं मला,” ट्रिना म्हणाली आणि यीस्ट पिशवीत टाकलं.

घरी येताना व्हर्नाने मनाची समजूत घातली. आपण गप्प राहिलो की तिला आपोआप कळेल.

एक जुलैला धुकं इतकं होतं की अर्ध्यावर उतरवलेला झेंडा खांबापासून वेगळा दिसत नव्हता. काका वाचत होते. “जोसाया स्नूक.” “आमचा.” “एलियाझर हिस्कॉक.” कुणी नाही, श्वासभर शांतता. मग पुढचं नाव, पुढचं. आणि, “वेसली पार्डी.”

व्हर्नाने मागे वळून पाहिलं. ट्रिना तिच्याकडेच बघत होती. व्हर्नाने हळूच मान हलवली. ट्रिनानेही मान हलवली. व्हर्ना निश्चिंत होऊन पुढे वळली आणि वाट पाहू लागली.

काका थांबले. नेहमीपेक्षा बरेच जास्त थांबले, चष्मा वर सरकवून त्यांनी व्हर्नाकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली. बिगूल वाजू लागलं.

लोक पांगल्यावर ट्रिना तरातरा पुढे आली. “घसा बसला होता तुझा?”

“तुझ्यासाठी सोडलं होतं. मान नाही का हलवली मी?”

“मला वाटलं, तुझा धीर सुटतोय. ‘म्हण, म्हण’ असं सांगायला मी हलवली.” ट्रिनाचा आवाज उतरला. “दुकानात सांगायला काय झालं होतं?”

“गारफील्ड होता.”

“गारफील्ड सकाळी काय म्हणाला माहितेय? एफीकाकू गेली, आता एकदा तरी तू म्हण. मीच म्हटलं, बहीण उभी असताना मी कोण?”

व्हर्ना काकांकडे गेली. “काका, तेवढं एक नाव पुन्हा वाचाल?”

“नाव एकदाच वाचतात, पोरी.” काका चिडले नव्हते, थकले होते. “आणि वाचलं तरी ऐकायला आहे कोण? सगळे केक खायला गेले.” सभागृहाकडून खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. दुपार झाली की झेंडा पूर्ण वर जाणार, त्याच तारखेला येणारा कॅनडाचा वाढदिवस सुरू होणार.

“पुढच्या वर्षी तूच,” व्हर्ना परत येऊन म्हणाली. “मी सगळ्यांना आधी सांगून ठेवते. गारफील्डलासुद्धा.”

ट्रिना स्मारकाच्या दगडाकडे बघत होती. “पुढच्या वर्षी आम्ही इथे नाही. दुकान चालत नाही, गारफील्डला तिकडे पार पश्चिमेला, अल्बर्टात काम मिळालंय. ऑगस्टमध्ये निघू.”

“कधी ठरलं?”

“झाले काही महिने. तुला सांगणार होते मी.”

व्हर्नाने तिचा हात धरला. आईचं ते बोलणं खोटं होतं, हे निदान आता सांगून टाकावं असं तिला वाटलं. वाक्य ओठापर्यंत आलंही. तेवढ्यात सभागृहाच्या दारातून गारफील्डने हाक मारली, आणि ट्रिना “आले” म्हणत हात सोडवून निघाली.