महाराजांना नम्र सल्ला

मिस विनने किसलेला कसाव्याचा कंद फडक्यात घालून घट्ट पिळला, हात पुसले आणि पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. मोबाइल स्वेबी मास्तरांचा होता, कंडेन्स्ड मिल्कच्या डब्याला टेकवून उभा केलेला. पडद्यावरची लंडनच्या कोर्टाची खोली अजून रिकामीच होती. बेटावरच्या ब्लॅक रिव्हर गावात सकाळचे सहा वाजत आले होते, म्हणजे तिकडे अकरा.

"त्यांचं घड्याळ म्हणे कधी चुकत नाही," ती म्हणाली.

"येतील. तू चहा तरी घे," समोर बसलेले मास्तर म्हणाले.

"तुम्हीच घ्या. तुमचा चेहरा बघा, जसा काही निकाल तुमचाच आहे."

विनचा मुलगा केमार मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. पाच वर्षांपूर्वी बाजारामागे एक माणूस मारला गेला आणि दोघांनी केमारकडे बोट दाखवलं. त्या संध्याकाळी तो इथे, याच चुलीपुढे, आईबरोबर बॅमी, म्हणजे कसाव्याच्या भाकऱ्या, भाजत होता. पण आईच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवणार? जन्मठेप झाली. बेटावरच्या वरच्या कोर्टानेही ती उचलून धरली. उरलं लंडन. देश स्वतंत्र होऊन साठ वर्षं उलटली, तरी राजा लंडनचाच आणि शेवटचं दार तिकडेच.

निकालाला स्वतः हजर राहायचं म्हणून विनने व्हिसा मागितला होता. ती परत येईल याची खात्री वाटत नाही, असं उत्तर आलं. "माझी कोंबडी सोडून मी त्या थंडीत काय करणार होते?" असं तिने दुकानावर विचारलं, तेव्हा सगळे हसले. मास्तरांना मात्र हसू आलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी अर्ज लिहायला घेतला: आपल्याला राजा नको, प्रजासत्ताक हवं. पहिली सही त्यांची, दुसरी विनची. आता दोनशे बारा सह्या झाल्या होत्या आणि ती फाइल मास्तरांच्या काखेतून हलत नसे.

न्यायाधीश आले. साधे कोट घातलेली, थकल्यासारखी दिसणारी माणसं. मधल्याने कागद वाचला. सगळं मिळून तीन मिनिटं. शेवटचं वाक्य असं होतं: हे अपील फेटाळलं जावं, असा नम्र सल्ला आम्ही महाराजांना देणार आहोत.

पडदा काळा झाला.

विनकडे पाहायचा मास्तरांना धीर होईना. पाहिलं, तर ती ताठ बसली होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला होता.

"म्हणजे अजून ठरलेलं नाही," ती म्हणाली.

"विन..."

"सल्लाच दिलाय ना? तुम्ही मला मीठ कमी खायचा सल्ला देता. मी ऐकते?"

तीस वर्षं मास्तरांनी पोरांकडून घोकून घेतलं होतं की राजा नावापुरता असतो, सल्ला आला की तो मान्य करतो. या उत्तरात चूक करणाऱ्याला ते बाकावर उभं करत. आत्ता ते वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"राजा सहसा ऐकतोच, विन," ते कसंबसं म्हणाले.

"सहसा," तिने शब्द पकडला. "म्हणजे नेहमी नाही."

तिने टेबल पुसलं आणि कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"महाराजांना लिहा. तुमचं अक्षर सुंदर आहे. लिहा की त्या संध्याकाळी अठरा बॅम्या भाजल्या. त्यातल्या दोन करपल्या, कारण मी त्याच्यावर ओरडत होते. कोर्टात हे मला कुणी विचारलंच नाही."

मास्तरांनी लिहिलं. अक्षर वळणदार काढलं. करपलेल्या दोन बॅम्यांपाशी त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. खरं सांगून टाकावं, असं वाटत होतं, पण जमत नव्हतं. विनने खाली सही केली, कागदावर फुंकर घातली आणि मग तिचं लक्ष फाइलकडे गेलं.

"त्या अर्जावरून माझं नाव काढा."

"कशाला?"

"ज्याच्यापुढे पदर पसरायचा, त्यालाच नको कसं म्हणायचं?"

मास्तरांनी फाइल उघडली आणि तिच्या सहीवर रेघ ओढली.

"आता तुमचं."

"माझं?"

"पत्र तुमच्या अक्षरात आहे ना! कुणी दोन्ही कागद शेजारी धरले तर?"

कोंबडी दारात येऊन कसाव्याचा कीस टिपू लागली. विनने तिला हाकललं नाही. मग अर्जाच्या पहिल्या ओळीवर, एगबर्ट स्वेबी या नावावर मास्तरांनी हलकी रेघ ओढली.

विन वाकून बघत होती.

"अजून वाचता येतंय," ती म्हणाली. "नीट खोडा."

मास्तरांनी पुन्हा पेन टेकवलं.