मागच्या दारची बादली

"हे तुमच्या किरण मोजणाऱ्या बॅजचे आकडे, काका. एकतीस वर्षांचे," निवृत्तीच्या दिवशी इला मॅडमने कागद पुढे केला. दवाखान्यात किरणांच्या सुरक्षेचं काम तिच्याकडे होतं. "जवळजवळ शून्यच. केरळात काही किनाऱ्यांवर माणसांना नुसत्या वाळूतून याहून जास्त मिळतं."

एक्स-रे काढणाऱ्या कैलासने छातीवरचा बॅज काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, आंगाले लागून घरी तं नाई येत ना हे किरण?"

"तुम्हीच तर पेशंटना रोज सांगता, बटण सोडलं की संपलं!"

सांगत होता खरा. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, अशी त्याची गत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याच्या बायकोचं, यशोदाचं, पहिलं बाळ पोटातच गेलं. त्याची आई मनकर्णाबाई म्हणाली, "तुह्या मशीननं खाल्लं लेकरू." तेव्हापासून मयतीहून आल्यासारखी मागच्या दारी बादली आणि कडुनिंबाचा पाला. आंघोळ केल्याशिवाय घरात शिरायचं नाही. खरं काय ते त्याला माहीत होतं, पण रडत्या घरात पुस्तक कोण उघडणार? आई गेली, बादली राहिली. पुढे मोहिनी झाली. "बाबा" म्हणत धावली की यशोदा तिला मागे ओढायची. आंघोळीनंतरही त्याचे हात पुढे होत नसत. न जाणो, आईचं खरं असलं तर? हळूहळू पोरीने धावणंच सोडलं.

पिपरी मेघे गावातल्या घरी आजही बादली भरलेली होती. बाळंतपणाला आलेली मोहिनी तान्ह्या लेकीला घेऊन बसली होती. कैलासने दारातूनच कागद वाचून दाखवला.

यशोदा ऐकत राहिली. "म्हंजे आपलं पयलं... तुमच्यानं नाई गेलं?"

"नाई."

"मंग इतके वर्स काऊन नाई बोल्ले?"

त्याला फार लाज वाटली.

यशोदाने डोळे पुसले, बादली उचलून कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली. "हात तेवढे धुवा. दवाखान्यातून आले तुमी."

हात धुऊन त्याने नात घेतली, एक्स-रेच्या फिल्मची चपटी कॅसेट धरावी तशी, दोन्ही तळवे सपाट करून.

"असं नाई बाबा, मान धरा तिची." मोहिनीने त्याचं मनगट धरून हात नीट लावला.

"तूबी एवढीच होती का?" त्याने विचारलं.

"आईले इचारा," मोहिनी म्हणाली. त्याच्या मनगटावरचा हात मात्र तिने काढला नाही.